विटेचा चुरा, कच आणि चाळण

बोन्सायच्या मातीत माती शक्यतो नसावी. हे माझं मत ऐकून आमच्या सोसायटीतले निम्मे लोक हसतात आणि उरलेले गच्चीवर येऊन ट्रेमध्ये बोट खुपसून खात्री करून घेतात. ट्रेमध्ये असतो विटेचा चुरा, खडी क्रशरवरची कच आणि थोडं पाल्याचं खत. बस्स. एवढ्यावर माझ्याकडचे वड, पिंपळ, नांदरुक, आपटा, चिंच, हिवर, बोर, करवंद सगळे उभे आहेत. कोणाला एक घटक जास्त, कोणाला कमी, एवढाच फरक.

मी साताऱ्याचा. नोकरीची सगळी वर्षं बांधकामावर सुपरवायझर म्हणून गेली. त्यामुळे वीट, वाळू आणि चाळण या तीन गोष्टींबद्दल मला कोणी काही शिकवू गेलं तर मी जरा ताठच होतो. झाडांचं मात्र उशिरा सुरू झालं, आणि तेही देशी झाडांचंच. ज्युनिपर, पाईन, मेपल या मंडळींशी माझं वैर नाही, पण साताऱ्याच्या एप्रिलमध्ये त्यांना गच्चीवर ठेवून त्यांचे हाल कशाला बघायचे!

मध्यंतरी पुतणीचा पुण्याहून फोन आला. तिलाही आता नाद लागलाय. म्हणाली, "काका, ऑनलाइन अकादामा मिळतेय. मागवू का? सगळे व्हिडिओवाले तीच वापरतात."

"कुठली आहे ती?"

"जपानची."

"मग जपानी लोक वापरणारच. त्यांच्या पायाखाली आहे ती."

चेष्टेत बोललो, पण आहे ते खरंच. अकादामा म्हणजे जपानच्या कांतो भागातली ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली चिकणमाती. खणून काढायची, वाळवायची, चाळून दाण्यांच्या आकाराप्रमाणे पिशव्या भरायच्या. कानुमा नावाची दुसरी एक आहे, तीही त्याच बाजूची, तोचिगी प्रांतातल्या कानुमा गावावरून नाव पडलेली. त्या लोकांनी आपल्या घराजवळ जे हलकं, सच्छिद्र आणि दाणेदार मिळालं ते घेतलं. त्या पिशवीच्या पैशांत मला रिक्षाभर विटा येतात. पुतणीला म्हटलं, तुला अकादामाचं काम काय आहे ते समजून घे, मग ते काम इथली कुठली वस्तू करते ते बघू.

काम दोन आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मुळांपाशी पाणी राहिलं पाहिजे आणि हवाही राहिली पाहिजे. जमिनीत ही अडचण फारशी येत नाही, कारण खोली असते. जास्तीचं पाणी खाली खाली जात राहतं. पाच-सहा सेंटिमीटर खोल ट्रेमध्ये ते जाणार कुठे?

इथे एक प्रयोग करून बघा, स्वयंपाकघरातच होतो. भांडी घासायचा चौकोनी स्पंज पाण्यात पूर्ण बुडवा आणि आडवा धरून निथळू द्या. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं. पिळला नाही, हलवला नाही, नुसता उभा केला. कारण असं की बारीक छिद्रांमध्ये पाणी तळापासून काही उंचीपर्यंत अडकून राहतं, आणि ही उंची छिद्रं किती बारीक आहेत यावर ठरते. भांडं किती खोल आहे यावर नाही. दाणे जितके बारीक तितका हा चिंब थर उंच. उंच कुंडीत तो तळाशी राहतो आणि वर मुळांना मोकळी जागा मिळते. उथळ ट्रेमध्ये मात्र तोच थर अर्ध्यापर्यंत किंवा थेट वरपर्यंत येतो. भोकं कितीही मोठी पाडा, हे पाणी आपण होऊन बाहेर येत नाही.

आता काळ्या मातीचं काय होतं ते सांगायलाच नको. आपली काळी माती सोन्यासारखी, यात वाद नाही. पाऊस गेल्यावर महिनोन् महिने ओल धरते म्हणून तर त्यात ज्वारी आणि कापूस निघतो. पण तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. शेताला हातभर भेगा पडतात त्या त्यामुळेच. ट्रेमध्ये हीच माती पावसाळ्यात लोण्याचा गोळा होते आणि मे महिन्यात वीट. आकसताना बारीक मुळं तोडते आणि कडेने ट्रेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या कडेच्या फटीतून सरळ खाली जातं. आपल्याला वाटतं पाणी चांगलं निथळतंय, आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत.

"पण माण तालुक्यात बाभळी काळ्या रानातच वाढतात की," असं एका गृहस्थांनी मला ऐकवलं होतं. वाढतात. तिथे बाभळीचं मूळ खाली कुठवर जातं ते एकदा विहीर खणणाऱ्याला विचारा. त्या मुळाला तुम्ही सहा सेंटिमीटरात बसवलंत, तर खोलीची सवलत काढून घेतल्यावर काळ्या मातीची अट तरी कशी लावता?

आणखी एक सवय मोडायला हवी. कुंडीच्या तळाला खापऱ्या किंवा जाड खडीचा थर द्यायचा, "निचरा होतो" म्हणून. पाया भरताना खाली डबर आणि वर मुरूम टाकायची जी आपली पद्धत, तीच डोक्यात बसलेली असते. मोठ्या कुंडीत त्याने फार बिघडत नाही. ट्रेमध्ये उलटं होतं: बारीक दाण्यातलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, वरचा थर पूर्ण चिंब झाल्याशिवाय तर नाहीच. म्हणजे चिंब थर तेवढाच राहिला, फक्त तो दीड सेंटिमीटर वर सरकला. उथळ ट्रेमधली दीड सेंटिमीटर जागा आपण खडीला देऊन टाकली. त्यापेक्षा भोकांवर खिडकीच्या मच्छरजाळीचा तुकडा ठेवा आणि तळापासून वरपर्यंत एकच मिश्रण भरा.

तर मूळ मुद्दा दाण्याच्या आकाराचा आहे. कोणते घटक, हा नंतरचा प्रश्न. तरीही सुरुवात विटेपासून करतो, कारण विटेबद्दल मला बोलायला आवडतं.

बांधकामावर वीट कशी पारखतात? दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा. नखाने ओरखडा उठता कामा नये. मीटरभर उंचीवरून कठीण जमिनीवर पडली तर फुटू नये. आणि चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, ही साध्या विटांसाठीची नेहमीची मर्यादा. आयुष्यभर मी जास्त पाणी पिणारी वीट परत पाठवत आलो. आता गच्चीवर नेमकी पाणी पिणारीच वीट हवी आहे! पंधरा-वीस टक्के पाणी दाण्याच्या पोटात राहतं, दाण्यांच्या मधल्या जागेत हवा राहते. अकादामाचं काम झालं.

मात्र पाणी पिते म्हणून कच्ची वीट घेऊ नका. भट्टीच्या बाहेरच्या थरात कमी भाजलेल्या, फिकट पिवळट-नारिंगी विटा निघतात. त्यांचा चुरा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी चिमटीत दाबला तर चिखल होतो. पहिल्या पावसाळ्यातच ट्रेमध्ये पुन्हा माती झालेली असेल. दुसऱ्या टोकाला खंगर. जास्त भाजून वितळल्यासारखी, काळीनिळी, वेडीवाकडी झालेली वीट. ती अजिबात पाणी पीत नाही, फोडताना हातोडी उसळते. वाईट नाही, पण ती मग कच म्हणूनच धरायची. मधली, चांगली लाल, खणखणीत वाजणारी वीट घ्यायची. कराडकडे नदीकाठच्या भट्ट्यांवर तुकडे पडलेले असतात. ओळख असली तर ते असंच देतात, नसली तर चहाला.

राखाडी फ्लाय अ‍ॅशच्या विटा आणि हलके पांढरे ब्लॉक नकोत. त्यात सिमेंट आणि चुना असतो, त्याने मिश्रण अल्कधर्मी होतं. पाडकामातल्या लाल विटा चालतात, पण सिमेंटचं प्लॅस्टर छिन्नीने पूर्ण काढून. आणि लोणा लागलेली, पांढरी भुकटी आलेली वीट तर मुळीच नको. तो सगळा क्षार आहे. कुठलाही चुरा मी एकदोन दिवस पाण्यात ठेवून, दोन-तीनदा पाणी बदलूनच वापरतो.

विटेपेक्षा सरस काय, तर मंगळुरी कौलं. माती बारीक मळलेली, सगळीकडे सारखी भाजलेली, आणि ऊन-पाऊस कित्येक वर्षं सोसून झालेली. जुन्या घरांवर पत्रा चढतो तेव्हा कौलांचे ढीग कडेला पडून असतात. फुटकी माठं-पणत्याही चालतात. आमच्याकडे कुंभाराच्या घरी दिवाळीनंतर मोडक्या पणत्यांची पोती असतात. तिथल्या मावशी मला बघूनच म्हणतात, "या, फुटक्या मालाचं गिऱ्हाईक आलं!"

फोडायची पद्धत: वीट आधी ओली करा. बारदानात गुंडाळा. फरशीवर नको, जुन्या दगडी पाट्यावर किंवा जाड लोखंडी तुकड्यावर ठेवून हातोडीने फोडा. जास्त असेल तर धुम्मस. तोंडाला मास्क हवाच, ही धूळ फुप्फुसाला चांगली नाही. बांधकामावर ती खाल्लेली माणसं मी पाहिली आहेत. एका विटेतून कामाचा चुरा निघतो दीड लिटरच्या आसपास. बाकी सगळं पीठ.

त्या पिठातच सगळी गोम आहे. लोक म्हणतात, "काका, आम्हीही वीट वापरतो, तरी झाड गेलं." बघायला गेलो तर ट्रेमध्ये विटेच्या मोठ्या तुकड्यांच्या मधल्या जागा पिठाने गच्च भरलेल्या. म्हणजे काँक्रीटच ते. खडीच्या मधल्या जागा वाळूने भरायच्या, वाळूच्या सिमेंटने, पोकळी कुठे राहू द्यायची नाही, हे काँक्रीटचं शास्त्र. बोन्सायला त्याच्या बरोबर उलट हवं. सगळे दाणे साधारण एका मापाचे, म्हणजे मधे पोकळी राहते.

मापासाठी मी मिलिमीटर सांगत नाही, धान्य सांगतो. मोहरीपेक्षा बारीक जे असेल ते टाकायचं. ज्वारीपासून तुरीच्या दाण्यापर्यंत ठेवायचं. हरभऱ्याहून मोठं ते पुन्हा फोडायचं. बाजारात धान्याच्या चाळणी मिळतात त्यातली एक बारीक आणि एक जाड घेतली की काम होतं. पण घरातली चाळण उचलू नका. आमच्या घरी या विषयावर एकदा बोलणं झालेलं आहे आणि ते पुन्हा होऊ नये अशी माझी इच्छा आहे. तळहाताएवढ्या छोट्या ट्रेसाठी मी मोहरी ते ज्वारी हे माप घेतो. त्यात पाणी थोडं जास्त राहतं आणि छोट्या ट्रेला ते हवंच असतं.

कचीबद्दल थोडक्यात. खडी क्रशरवर काळ्या बेसॉल्टचा जो बारीक माल निघतो ती कच. त्यातलं पीठ चाळून, धुऊन टाकलं की टोकदार, कोनदार दाणे उरतात. दगड पाणी पीत नाही, पृष्ठभागावर लागेल तेवढंच धरतो, त्यामुळे मिश्रण कोरडं करायचं असेल तेव्हा कच वाढवायची. वजनही येतं. गच्चीवर वारा असतो, उंच झाडाचा हलका ट्रे उलटतो. नदीची वाळू मिळाली तर जाड दाण्याची चालेल, पण ती गोल असते आणि मुळांना पकड कमी मिळते. समुद्राची वाळू नको.

तिसरं खत. यावर मतं फार आहेत. शेणखत सगळ्यांना हाताशी, पण बोन्सायसाठी मी ते घेत नाही. नीट न कुजलेल्या शेणखतातून हुमणी येते. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी, मुळं खाते. उसाच्या शेतकऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. शेतात एका अळीने काय होतंय, पण ट्रेमधली मूठभर मुळं ती एकटी संपवते आणि झाड वरून सुकेपर्यंत पत्ता लागत नाही. मी घरचा पाला कुजवतो: वड, पिंपळ, चिंच, जे गळेल ते. चिंचेची पानं लवकर होतात, आंब्याची पानं वेगळ्या ड्रममध्ये टाकावी इतका वेळ घेतात. पूर्ण झालेल्या खताला जंगलातल्या पहिल्या पावसाचा वास येतो. तेही चाळायचंच. वरचे रवाळ कण घ्यायचे, खालची पूड टोमॅटोच्या कुंडीत. कोकोपीट मी टाळतो. उन्हाळ्यात ते उपयोगी वाटतं, पण आपल्या पावसाळ्यात ते चिंब होऊन बसतं आणि वर्ष-दोन वर्षांत दबून मऊ होतं.

आता प्रमाण. यासाठी मला आमचा जिल्हाच उपयोगी पडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथून उतरत पूर्वेला या, तर म्हसवडला पाचशे झाला तरी लोक म्हणतात, साल बरं गेलं. एकाच जिल्ह्यात हे दोन्ही. माझी झाडंही त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांची आहेत. झाड मूळ कुठे उभं असतं ते बघायचं आणि कच-खताचा काटा तिकडे कलवायचा.

वडवर्गीयांना, म्हणजे वड, पिंपळ, पायर, उंबर, नांदरुक यांना, तीन भाग वीट, एक भाग कच, एक भाग खत. यांच्याइतकी सोशिक झाडं नाहीत. यादोगोपाळ पेठेत एक जुना वाडा उतरवत होते, तिथल्या भिंतीतून मला एक पिंपळ मिळाला. मालक म्हणाले, "घेऊन जा हो, मजूर हात लावत नाहीत." मुंज्याची भीती. भिंत हळूहळू उतरवली तेव्हा मुळं पाहायला मिळाली: विटांच्या सांध्यातल्या जुन्या चुन्यात आणि सुरखीत चपटी पसरलेली, कागदासारखी. मातीचा कण नाही. वर्षातले चार महिने ओल, बाकी कोरडं, आणि हवा भरपूर. विटेच्या चुऱ्यात हे झाड सुखी होणार नाही तर काय! त्याला वेगळं काही शिकवावंच लागलं नाही.

वडवर्गीयांतही उंबर आणि बाहेरचं जांभूळ ही ओढ्याकाठची मंडळी. यांना कच जवळपास काढून टाकतो आणि खत दीडपट करतो. जांभळाचा ट्रे एक दुपार कोरडा गेला की पानांच्या कडा जळतात.

माणकडची झाडं म्हणजे हिवर, बाभूळ, बोर, शमी. यांना वीट दोन, कच दोन, खत अर्धा. खत वाढवलं तर कांडी लांब होते, पानं मोठी होतात, आणि बोन्सायचं सगळं सौंदर्य गेलं. बाभळीची मुळं बघताना एक लक्षात ठेवा. त्यांच्यावर छोट्या गाठी असतात, त्या चांगल्या, हवेतला नत्र धरणाऱ्या. नखाने सहज सुटतात आणि कापल्यावर आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीच्या गाठी वेगळ्या, तिथे मूळच सुजलेलं असतं, गाठ सुटून येत नाही. पहिल्या बघून घाबरून औषध ओतणारे लोक आहेत, म्हणून सांगितलं.

आपटा आणि चिंच मधले. दोन, एक, एक. चिंच मूळची आफ्रिकेतली म्हणतात, पण इतक्या पिढ्या ती आपल्या बांधावर आहे की तिला परकी म्हणायची माझी हिंमत नाही. आपट्याचं पान बोन्सायमध्ये छान लहान होतं. दसऱ्याला शेजारची मुलं मागायला येतात, त्यांना अंगणातल्या मोठ्या झाडाकडे पाठवतो.

करवंदाला माझ्या गच्चीवर वेगळाच त्रास आहे, तो मातीचा नाही, पाण्याचा. आमच्या बोअरचं पाणी जड. कपाच्या तळाशी पांढरा थर बसतो, तोच ट्रेच्या कडांवर आणि मुळांपाशी बसतो. करवंद आणि अंजन ही जांभ्यावरची झाडं, त्यांना किंचित आम्लधर्मी जागेची सवय. जड पाण्याने नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह जमिनीत असून झाडाला घेता येत नाही. यांच्यासाठी मी पावसाचं पाणी पिंपात धरतो. ते संपलं की बोअरचंच, पण आठवड्यातून एकदा ट्रेमधून भरपूर पाणी वाहू देतो, म्हणजे साठलेला क्षार धुऊन जातो.

रत्नागिरीजवळ माझी आतेबहीण असते. तिच्याकडे विटेचं कौतुक नाही, तिच्या परसातच जांभा. ती जांभ्याचे कडक गोटे फोडून चाळते आणि त्यात करवंद, अंजन लावते. मऊ, पिवळसर जांभा घेत नाही, तो विरघळतो. वरच्या कवचाचा, गडद तपकिरी, लोखंडासारखा तेवढाच घेते. तिच्या चार महिन्यांच्या कोकणी पावसात माझं प्रमाण चालणार नाही, म्हणून ती खत जवळपास शून्यावर आणते आणि पेंड वरून देते. "तुझं खत माझ्याकडे आठ दिवसांत चिखल होईल रे," हे तिचं मत. बरोबर आहे. सड्यावर करवंदीची जाळी बघा, दगडाच्या फटीत मूठभर काळं काहीतरी साठलेलं असतं, तेवढ्यावर ती फुलते आणि फळते.

इथेच एक सांगून ठेवतो. कासच्या पठारावर किंवा तिथल्या वाटेवर खुरटलेली, सुंदर वळणांची झाडं दिसतात. हात लावू नका. पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि ते नसतं तरीही वनखात्याच्या हद्दीतलं झाड उपटणं गुन्हाच. करवंद बियांपासून येतं, वडवर्गीय फांदीपासून येतात, आणि पाडायच्या भिंती गावागावात आहेत.

भरताना एकदोन गोष्टी. वडवर्गीयांची माती मी मृग लागून ऊन कलल्यावर बदलतो, तेव्हा ती सगळ्यात लवकर सावरतात. आपटा-चिंचेची पानगळीनंतर नवे कोंब फुगायला लागले की. झाड तारेने ट्रेला बांधायचं, हलतं ठेवलं तर नवी मुळं तुटत राहतात. मग मिश्रण कोरडंच ओतून, बांबूच्या काडीने मुळांच्या मधे हळूहळू सारायचं. दाबायचं नाही. पहिलं पाणी भोकांतून स्वच्छ येईपर्यंत घालायचं. पहिल्यांदा लाल येतं, ते राहिलेलं पीठ. वर पाणी तळ्यासारखं साचलं तर चाळण कमी पडली असं समजा आणि पुन्हा काढा, कंटाळा करू नका.

आणि हो, या मिश्रणात जेवण फारसं नाही. विटेत आणि दगडात अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद कमी, ती मातीत आणि खतात असते. पाणी भरपूर घालतो त्यात थोडीफार असलेलीही वाहून जातात. म्हणून थोडं थोडं पण वरचेवर द्यावं लागतं. मी निंबोळी पेंड वरून भुरभुरवतो आणि पंधरवड्याने शेंगदाणा पेंडीचं आंबवलेलं पाणी पातळ करून देतो. पेंडीच्या पाण्याच्या दिवशी गच्चीवर कोणी कपडे वाळत घालत नाही, हा सोसायटीतला अलिखित करार आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी हवंच. ज्यांना दिवसातून दोनदा गच्चीवर जाणं शक्य नाही त्यांनी खत थोडं वाढवावं, कच कमी करावी, आणि ट्रे थोडा खोल घ्यावा. शेवटी मिश्रण झाडाइतकंच तुमच्या दिनक्रमाला जुळायला हवं, आणि हे व्हिडिओत कोणी सांगत नाही.

जुलैत झड लागली की मी प्रत्येक ट्रेच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सारतो. ट्रे तिरका झाला की खालच्या कोपऱ्यापासून वरच्या टोकापर्यंतची उंची वाढते, स्पंज उभा केल्यासारखं होतं आणि अडकलेलं पाणी निघून जातं. भोक मात्र उताराच्या बाजूला यायला हवं.

पुतणीने अखेर कौलं मिळवली, पुण्यात कुठल्याशा पाडकामावरून. तिचा पुढचा प्रश्न कवठाचा होता. त्याचं मला अजून पक्कं सांगता येत नाही. कवठ काटक, माळरानावरचं, म्हणून हिवराचं प्रमाण दिलं तर ते जगतं, पण जागचं हलत नाही. आपट्याचं प्रमाण दिलं तर भराभर वाढतं आणि पेरं लांब पडतात. येत्या फेब्रुवारीत एकाच वयाची दोन रोपं दोन ट्रेमध्ये लावणार आहे, एकात खत अर्धा भाग, दुसऱ्यात पाऊण. कोणाकडे कवठ असेल तर तुम्ही काय घालता ते जरूर कळवा.